ज्याच्या चपला खाली

१

रविवारी साडेसहाला घरातून निघायचं, सातला जंगलाच्या चौकीवर नाव लिहायचं, आठला देवीसमोर नारळ फोडायचा आणि दहाच्या आत खाली येऊन स्टेशनजवळ मिसळ खायची. चार वर्षं माझ्या दादाचा, नितेशचा, हा नेम होता. त्यातले निम्मे रविवार मीही त्याच्यासोबत गेलो असेन.

देवी म्हणजे डोंगरची आई. मुलुंडला आमच्या कॉलनीच्या पाठीमागे नॅशनल पार्कचं जंगल लागतं. त्यात दोन किलोमीटर आत टेकडी आहे आणि टेकडीच्या डोक्यावर देऊळ. दादा काही फार देवभोळा नव्हता. "वर वारा झकास असतो रे, देवी बोनस," म्हणायचा.

दादा गेला त्या रविवारी मी बरोबर नव्हतो. देवळाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या बसल्या गेला. वय एकोणतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

बाबा नाहीत, म्हणून अग्नी मी दिला. डोकं माझं भादरलं. दहाव्याचं सगळं झालं. अकराव्या दिवशी दुपारी मी भिंतीला टेकून बसलो होतो. दीप्तीवहिनी पलीकडे दादाचे शर्ट घडी करत होती. तिला पाचवा महिना होता. ती एकदम थांबली.

"सर्वेश, ह्यांच्या चपला कुठायत?"

"कुठल्या?"

"त्या दिवशी घातलेल्या. घरी आणलं तेव्हा पाय उघडे होते. देवळाखालीच राहिल्या असतील ना?"

"राहू दे गं आता," आई म्हणाली. "कोणी नेल्या पण असतील."

"उन्हात असतील," वहिनी म्हणाली.

एवढंच. पण मला बसवेना. मी उठून शर्ट घातला. आईने हात धरला. "वेडा का तू? सुतकात देवळाकडे जायचं नसतं."

"देवळात कुठे जातोय? चपला बाहेर असतात."

२

चौकीवरचा गार्ड भीमराज हिंगोलीकडचा. दादाला त्यानेच चार मॉर्निंग वॉकवाल्यांना हाताशी घेऊन चादरीतून खाली आणलं होतं. मला बघून त्याने खुर्चीतले पाय खाली घेतले.

"कुठं निघाला रे?"

"दादाच्या चपला राहिल्यात वर."

"अकरा दिवस? देवळातल्या चपला टिकतात का लेका? एव्हाना कुणाच्या तरी पायात वसईला फिरत असतील. साडेसाती गेली म्हणायची."

"त्या नाही नेणार कोणी. मी क्लचच्या वायरने टाका घातलाय त्यांना." मी गॅरेजमध्ये काम करतो. दादाला नवीन चपला घ्यायला सांगितल्या की तो माझ्याकडे त्याच पुढे करायचा.

भीमराज हसला, मग माझ्या डोक्याकडे बघून गप्प झाला. "बरं, जा. तीन वाजत आलेत. चारला वाट बंद होते. परवा पाणवठ्यावर बिबट्याचे ठसे होते, तेव्हा उचल आणि ये. वर बसत राहू नको."

मी दहा पावलं गेलो असेन, तर त्याने मागून हाक मारली.

"सर्वेश! जरा त्या गुरवाकडं बघ. मी देवबिव मानत नाही, तुला ठावं आहे. पण म्हातारा रोज संध्याकाळी खाली येतो आन् मला विचारतो, 'सगळे उतरले ना?' मी वही दाखवतो. सगळे उतरलेले असतात. तरी हा बसून राहतो. काय झालंय बघ त्याला."

३

फेब्रुवारीत त्या जंगलात हिरवं थोडं असतं. सागाची मोठी पानं वाळून वाटेवर पडलेली असतात आणि पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. बुधवार होता. वाटेवर कोणी नव्हतं. दोनदा मला वाटलं की पानांचा आवाज माझ्या पावलांपेक्षा थोडा जास्त होतोय. मी थांबलो. तोही थांबला. डोंगरात आवाज उलटून येतो, हे मला माहीत आहे.

शेवटच्या चढाला दगडी पायऱ्या आहेत, चाळीस-बेचाळीस. पायथ्याला जांभळाचं झाड आणि झाडाखाली चपला काढायची जागा. रविवारी तिथे शंभर-दीडशे जोड पसरलेले असतात. आज एकच जोड होता.

दादाचा.

उजव्या चपलेवर वायरचा टाका चमकत होता. दोन्ही चपला पहिल्या पायरीला लागून, नीट शेजारी शेजारी, अंगठे देवळाच्या दिशेने. आत्ता काढून कोणी वर गेलं असावं अशा. अकरा दिवसांत त्यांच्यावर एक पान पडलेलं नव्हतं. आजूबाजूला पानांचा थर होता.

मी खाली बसलो. मला वाटलं होतं मी रडेन. चपलेला हात लावला आणि रडू आलंच नाही.

चप्पल गरम होती.

उन्हाने तापते तशी नाही. ती वरून तापते. ही आतून, टाच टेकते तिथे आणि अंगठ्याच्या खळग्यात ऊबदार होती, थोडी ओलसर. गॅरेजमध्ये मी दिवसभर बूट घालतो. पायातून काढलेल्या बुटाची ऊब मला कळते. मी वर पाहिलं. जांभळाची सावली दाट होती. सकाळी ऊन येत असेल इथे, मी स्वतःला सांगितलं. रबर ऊब धरून ठेवतं. मग हातातली चप्पल मी खाली ठेवली आणि लक्षात आलं की मी ती होती तशीच, अंगठा वर देवळाकडे करून ठेवली होती.

"हात लावू नको तेका," मागून कोणी बोललं.

४

गुणाजी गुरव. मूळचा कुडाळकडचा, तीस वर्षं या देवळावर. त्याच्या हातात खराटा होता. दहा-बारा दिवसांत माणूस इतका वाळतो हे मला माहीत नव्हतं.

"गुणाजीकाका, मी सर्वेश. नितेशचा भाऊ."

"ओळखलंय तुका. सुतकातलो मा तू? थयच बस. वर येव नको."

मी खालच्या पायरीवर बसलो. तो चार पायऱ्या वर बसला, खराटा मांडीवर आडवा घेऊन. बराच वेळ तो चपलांकडे बघत होता.

"माझी एक रीत आसा," तो म्हणाला. "चार वाजता देऊळ बंद करूचा. आता वर कोण राहिलो काय ता कसा कळताला? झाडीत कोण बसता, पाठीमागे कोण फोटो काढता. मी वर शोधीत नाय. खाली येवन चपला बघतंय. ज्येच्या चपला खाली, तो माणूस वर. जोड दिसलो की खालसून हाक मारतंय, 'वर कोण आसा काय?' माणूस ओ देता, उतरता. तीस वर्सां अशीच."

"मग?"

"तुझो भाऊस गेलो त्या सांजेक हो जोड राहिलो. माका म्हायत होता कोणाचो तो. पण सवय रे. तोंडातसून हाक गेली. 'वर कोण आसा काय?'"

तो थांबला. जांभळावर एक पाखरू ओरडत होतं, तेही थांबलं.

"ओ इलो," गुणाजी म्हणाला.

मी हसलो. मला खरंच हसू आलं. "काका, वॉकवाला असेल कोणीतरी."

"चपला एकच जोड."

"मग माकडं असतील. आवाज करतात ती."

"माकड 'थांबलोय' म्हणता?"

मी चपलांकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिसा मी जोड उचललंय, थय कठड्यार ठेवलंय. सकाळी हयच. अंगठे वर. दोन येळा केलंय तसा. आता हात लावणंय नाय, हाक मारणंय नाय. जाताना रोज त्या भीमराजाक विचारतंय, सगळे उतरले मा? तेची वही म्हणता उतरले." त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तो दोन तास बसलो होतो वरच्या पायरीर. घामान निथळत होतो. मी म्हटलंय, 'नितेश, तब्येत बरी नाय दिसत, उतर बघू.' तर म्हणता, 'नको काका, भाऊ येतोय माझा. आलोच म्हणालाय. तो आला की उतरतो.'"



त्या सकाळी दादाने मला उठवलं होतं. मी डोळे न उघडता म्हणालो होतो, "तू हो पुढे, मी आलोच." आणि कूस बदलली होती. असं सगळेच म्हणतात. जेवायला बोलावलं की म्हणतात, खाली बोलावलं की म्हणतात. आलोच म्हणजे आलो असं कोण धरून बसतं? दादा धरायचा. त्याच्या छातीत दुखत होतं तरी तो उतरला नव्हता, कारण तो उतरला असता आणि मी दुसऱ्या वाटेने वर आलो असतो, तर चुकामूक झाली असती.

हे मी आजवर घरी कोणाला सांगितलेलं नाही.

५

"मग मी काय करू?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "असाच ठेवू त्याला इथे? बसून राहील तो?"

"सुतक फिटांदे. तेराव्यानंतर ये. पायरीखालीच उबो रव, आणि सांग तेका, 'जा'. एकच शबुद. 'नितेश, जा.' दुसरा काय बोलू नको."

"तेरावं दोन दिवसांनी आहे. तोवर?"

"इतके दिस थांबलो, आणखी दोन..."

तो बोलत होता आणि मी उठलो होतो. माझं हे असंच आहे. आठवीत मास्तरांनी सगळ्यांसमोर 'बापाविना पोर' म्हटलं तर मी तसाच उठून शाळेतून निघून आलो होतो, तो परत गेलोच नाही. गुणाजीने खराटा आडवा धरला. मी तो बाजूला केला आणि पायऱ्या चढलो.

पाचव्या पायरीवर दगड तळव्याला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी मागे पाहिलं. जांभळाखाली आता दोन जोड होते. दादाच्या शेजारी माझा, तसाच, अंगठे वर. मी चपला कधी काढल्या मला आठवत नाही. देवळाच्या पायरीला पाय लागला की त्या आपोआपच निघतात. गुणाजी त्या दोन जोडांकडे बघत उभा होता आणि त्याचा हात तोंडावर होता.

वर कोणी नव्हतं. गाभाऱ्याच्या जाळीला कुलूप होतं. देवीचे चांदीचे डोळे आतून चमकत होते. पत्र्याचा मंडप उन्हाने कटकट वाजत होता. मी मंडपात शिरलो नाही. वरच्या पायरीच्या एका टोकाला बसलो. दुसऱ्या टोकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिकडेच बघत होतो.

वारा सुटला. वाळकी पानं मंडपातून सरपटत आली आणि पायरीवरून घसरायला लागली. माझ्यापासून हातभर अंतरावर ती अडली. मागून आणखी आली, तीही अडली. बघता बघता पानांची एक वाकडी ओळ साचली, आडव्या चंद्रकोरीसारखी. तिच्या पुढे दगड कोरा होता. पानं कशाला तरी टेकून थांबली होती.

पायरीला तिथे खळगा असेल. मी हात लांब केला आणि दगडावरून फिरवला. दगड सपाट होता. आणि ऊबदार.

मग मला ती शिटी ऐकू आली. लहानपणी दादा सायकलवरून पडला होता आणि त्याच्या नाकाचं हाड वाकलं होतं. चढून आला की श्वास सोडताना त्याच्या नाकात बारीक शिटी वाजायची. वहिनी त्याला कुकर म्हणायची. ती शिटी माझ्या शेजारी, माझ्या कानाच्या उंचीवर वाजत होती. सावकाश. दम खाणाऱ्या माणसाची.

मी तोंड उघडलं. एकच शब्द होता. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. पण आमच्या घरात बाहेर निघालेल्याला कधी कोणी जा म्हणालेलं नाही. आई म्हणते, "जा म्हणू नये, ये म्हणावं." आणि तो माझ्या इतका जवळ होता.

"दादा," मी म्हणालो. "चल ना घरी."

शिटी थांबली. पानांची ओळ ढासळली आणि सगळी पानं एकदम पायऱ्यांवरून खाली वाहत गेली.

६

खाली एकच जोड होता. माझा.

"तुम्ही उचलल्या?" मी गुणाजीला विचारलं.

तो जांभळाच्या बुंध्याला धरून उभा होता. "मी हात लावूक नाय. माझ्या डोळ्यांदेखत... मी पानांकडे बघलंय, परत बघलंय तर नाय." मग तो जवळ आला. "काय म्हटलंस तू वर? जा म्हटलंस मा?"

"चल म्हणालो."

तो मटकन खाली बसला. "रे माझ्या पोरा."

"काय झालं? घरी येऊ दे ना त्याला. घर त्याचं आहे."

"येतलो. ता बरोबर आसा. पण रवाक मिळता काय तेका थय? परत जावचाच लागताला. आणि तू तेका बोलावन न्हेलंस, आता तो एकटो जावचो नाय. कोणाक तरी वांगडा घेवन जातलो."

"कोणाला?"

"जो तेका हो म्हणात तेका."

मी घरी आलो तेव्हा सहा वाजले होते. दार वहिनीने उघडलं. चपला मिळाल्या नाहीत असं मी सांगणार होतो. तिने विचारलंच नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघत होती आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेलेली होती.

"दार लगेच लावू नकोस," ती म्हणाली. "वारा येतोय जरा."

त्या रात्री ती पोटभर जेवली. आईला बरं वाटलं. मला घास गिळेना.

७

बाराव्या रात्री आमच्याकडे दिव्यापाशी परातीत तांदळाचं पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची आणि पिठात काय उमटलंय ते बघायचं. पाखराची नखं दिसली तर पाखराचा जन्म, असं. आजोबांच्या वेळी मुंगीच्या रेघा उमटल्या होत्या आणि आईने वर्षभर घरात मुंगी मारू दिली नव्हती.

तेराव्याच्या सकाळी आईने टोपली उचलली. परात कोरी होती. पीठ नव्हतंच. चिमूटभरही नाही.

"उंदीर," मी म्हणालो.

"एवढं पीठ?" आई म्हणाली. मग तिने फरशीकडे पाहिलं. तिने घाईघाईने ओल्या फडक्याने परातीपासून वहिनी झोपते तिथल्या पडद्यापर्यंतची फरशी पुसून काढली. मी बघायच्या आत. पुसताना ती रडत होती, पण तिचा चेहरा दुःखाचा नव्हता. "तू काही बोलू नकोस हं, सर्वेश," ती हळूच म्हणाली. "कोणाला काही सांगू नकोस. राहू दे चार दिवस."

दुपारी जेवणं उरकली, पाहुणे गेले. आई स्वयंपाकघरात आडवी झाली. आमची एकच खोली. वहिनी आणि दादा झोपायचे तिथे आडवा पडदा लावलेला आहे, जमिनीपासून वीतभर उंच. मी अलीकडे पडलो होतो. डोळा लागला नव्हता. बाहेर कोणाचा तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

मग शिटी.

पडद्याच्या पलीकडे, वहिनीच्या श्वासाशेजारी. आत येताना गप्प, बाहेर जाताना बारीक वाजणारी.

मी मान वळवली. पडद्याखालून वहिनीचे पाय दिसत होते, पैंजण घातलेले, एकावर एक. त्यांच्या शेजारी आणखी दोन पाय होते. टाचा जमिनीला, अंगठे वर. तळवे पिठाने पांढरे झाले होते.

मी हे डोळे उघडे ठेवून बघितलं. कुठल्याही गोष्टीने ते समजावता येईना.

वहिनी झोपेत हसली. "आत्ता?" ती म्हणाली. आवाज लाडातला होता. "ऊन किती आहे, अहो." मग ऐकत असल्यासारखी थांबली. "हं... बाळाला वर वारा लागेल चांगला, ते खरं." पैंजण वाजले. तिने पाय सोडवले. "बरं, ह..."

"दादा!" मी ओरडलो.

पडदा हलला नाही. पांढरे तळवे हलले नाहीत. पण शिटी थांबली. माझ्याकडे कोणी तरी लक्ष देत होतं.

"तिला नको," मी म्हणालो. "तू माझ्यासाठी थांबला होतास ना? मी येतो. हो म्हणतो मी. ऊठ."

दोन्ही पांढरे पाय सावकाश मागे गेले. फरशीवर पिठाची दोन बोटं उमटून राहिली.

वहिनी दचकून उठली. पडदा सारून ती बसली, एक हात पोटावर. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं, आठी परत आली होती. "काय रे? ओरडलास कशाला?" मी दाराकडे निघालेला दिसलो तशी म्हणाली, "उन्हाचा कुठे निघालास? कधी येशील?"

या प्रश्नाला आमच्यात ठरलेलं उत्तर असतं, आलोच. ते माझ्या जिभेवर आलं आणि मी दात दाबले. काही न बोलता कडी काढली, दार उघडलं आणि दुसरं माणूस बाहेर पडेल इतका वेळ ते धरून ठेवलं.

मग जिना उतरायला लागलो. चौथ्यावरून तिसऱ्यावर आलो. मागे अनवाणी पावलं पडत होती, जड, मध्येच थांबणारी. त्याला उतरतानाही दम लागत होता. मी कठड्याला हात लावून उभा राहिलो. शिटी जवळ आली, अगदी मानेजवळ, तेव्हा खालची पायरी उतरलो.